गाइडमधला ‘दीड तास’ आणि घरातली चार वर्षांची स्वारी

प्रश्न : आमच्यात एक चार वर्षांचा, एक आठ वर्षांची, आणि सासूबाई, त्यांचा एक गुडघा कुरकुरतो. गाइडमध्ये ‘सोपी वाट, पाच किमी, दीड तास’ असं वाचून चालायला निघतो आणि निम्म्यातच धाकट्याचं ‘उचलून घे’ सुरू होतं. आम्हीच कमी पडतो का माहितीच चुकीची असते?

उत्तर : माहिती चुकीची नसते हो, ती फक्त तुमच्या घरासाठी लिहिलेली नसते. अशा वेळा बहुतेकदा ज्यावरून काढतात तो ताशी पाच किमी, वर चढाचा वेळ वेगळा, हा हिशोब बराच जुना आहे, १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला. त्याने मैल आणि फुटांत सांगितलं होतं, आपल्या मापात साधारण पाच किमीला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पण हा हिशोब धडधाकट माणसांचा, आणि थांबे न धरता. त्यात मुंग्यांची रांग बघायला बसणारं पोर कुठेच बसत नाही. चार वर्षांचं मूल सोबत असेल तर मी ताशी दोन किमीच धरते, वर खाण्यापिण्याचा आणि नुसत्या टाइमपासचा वेळ वेगळा. म्हणजे तुमचे पाच किमी झाले अडीच तास अधिक एक तास. त्यामुळे सध्या तीन किमीची वाट निवडा आणि लाज वाटून घेऊ नका.

अंतरापेक्षा वाटेचा आकार बघा, हे फार कमी लोक बघतात. गोल वाट सगळ्यांना आवडते कारण तेच तेच परत दिसत नाही, पण गोल वाटेवर एकदा अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरणं लांब पडतं, मग रडणारं पोर घेऊन उरलेलं सगळं चालावंच लागतं. जाऊन त्याच वाटेने परत येण्यात ही भीती नाही, वाटलं तिथून मागे फिरा. आणि मधे शॉर्टकट असलेली गोल वाट मिळाली तर सोन्याहून पिवळं. निघतानाच ठरवून ठेवा की अमुक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं, मग तो धबधबा पाच मिनिटांवर असो नाहीतर दहा.

सासूबाईंचं म्हणाल तर गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. त्यामुळे गोल वाट असेल तर चढ तीव्र आणि उतार लांबट, हळू येईल अशा दिशेने फिरा, हातात काठी द्या, दोन असल्या तर उत्तमच. आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये बघते. पुढचे लोक थांबतात, मागचा माणूस धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचे ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज तोच एक मिनिटही बसत नाही! शेवटचा माणूस पोचल्यावर थांबा मोजायला सुरुवात करायची. त्यापेक्षा सोपं म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्यालाच पुढे घाला.

प्रश्न : मुलांना नदीकाठची वाटच हवी असते, दगड टाकायला. मला मात्र सारखी धास्ती. कुठे बसू द्यावं आणि कुठे नाही?

उत्तर : नदी वळते तिथे नीट बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात असतं, ते काठ खालून पोखरतं, वरून गवत छान हिरवं दिसतं आणि खाली पोकळी. तिथे कडेला उभं राहायचंच नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. आतल्या अंगाला पाणी संथ, वाळू-गोटे साठलेले, साधारण उथळ. दगड टाकायचे तर तिथे, पण एक मोठा माणूस पाणी आणि मूल यांच्या मधे उभा हवा, मागे बसून ‘अरे पुढे जाऊ नको’ ओरडणारा नाही. बुडणारं मूल बहुतेकदा आरडाओरडा करत नाही, म्हणून कानावर भरवसा ठेवू नका.

पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, किंवा मघाशी उघडा दिसलेला दगड आता दिसेनासा झाला, की सामान आवरत बसू नका, आधी उंचावर जा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असू शकतो किंवा धरणातून पाणी सोडलेलं असू शकतं. आणि ‘घोट्याएवढंच तर आहे’ म्हणून वाहतं पाणी ओलांडू नका, वेगात असेल तर १५ सेंमी पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं.

प्रश्न : शेतांमधून जाणारी वाट आहे, सोबत आमचा कुत्रा असतो. गुरं दिसली की काय करायचं?

उत्तर : कुत्रा पट्ट्यावर, आवाज बंद, आणि लांबून वळसा. वासरू सोबत असलेली गाय म्हणजे वेगळंच प्रकरण, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही. गाय कुत्र्याच्या रोखाने धावून आलीच तर पट्टा सोडून द्या. विचित्र वाटेल, पण कुत्रा पळून वाचतो, त्याला कवटाळून उभा राहिलेला माणूस मात्र मधे सापडतो.

बाकी फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. वाट पिकाच्या कडेने जात असेल तर एकामागोमाग एक चाला. शेजारी शेजारी गप्पा मारत गेलं की वाट दरवेळी थोडी रुंद होते आणि शेतकरी वैतागतो, जे रास्तच आहे. औषधाचा वास येत असेल तर मुलांना पिकाला हात लावू देऊ नका.

प्रश्न : रानातून आल्यावर मुलीच्या कानामागे गोचीड सापडली. कोणी म्हणतं तेल लाव, कोणी म्हणतं चटका दे.

उत्तर : दोन्ही नको! बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून गोचीड धरा, न पिळता न हिसडता सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. पुढे काही आठवडे लक्ष ठेवा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजारात लाल चट्टा साधारण ३ ते ३० दिवसांत उठून पसरत जातो, तसा चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. पुढच्या वेळी फिकट रंगाचे लांब कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, आणि घरी आल्यावर केसांची कड, कानामागे, काखा, जांघा, गुडघ्यामागे तपासा.

प्रश्न : आमचा चौदा वर्षांचा मुलगा चालताना फोनच सोडत नाही. फोनबंदी करावी का?

उत्तर : छे, उलट वाट दाखवायचं काम त्यालाच द्या. घरून निघण्याआधी ऑफलाइन मॅप त्यानेच डाउनलोड करायचा. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, सिग्नल उपग्रहांकडून येतो, नेट लागतं ते नकाशा उतरवायला. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी पुरते. दाट झाडीत तो निळा ठिपका इकडेतिकडे उडतो, तेव्हा मात्र मान वर करून ओढा कुठल्या हाताला आहे ते बघावंच लागतं. फाट्यावर तो चुकीची वाट निवडतोय असं वाटलं आणि पुढे धोका नसेल, तर पन्नास पावलं गप्प चाला.