वर्षभर नीट चाललेल्या पंपाचा शाफ्ट एके दिवशी अचानक कसा तुटतो? चीर धातूच्या दाण्यांमधून जाते की दाण्यांच्या सीमेवरून?

अचानक वगैरे काही नसतं हो. चीर आत सरकत असते, आपल्याला शेवटचा आवाज तेवढा ऐकू येतो.

मी भोसरीत टर्नर होतो. ब्लोअरचा शाफ्ट, ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद), ५० मिलिमीटर. ड्रॉइंगवर खांद्याला, म्हणजे जाडी बदलते त्या कोपऱ्याला, २ मिलिमीटर रेडियस (गोलाई). बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई त्याहून कमी, त्यामुळे ते खांद्याला टेकेना. सुपरवायझर म्हणाले, "मार की काटकोनात, कोण बघतंय." मी मारला, गोलाई जाऊन कोपरा धारदार झाला. आधीचा शाफ्ट सहा वर्षं चालला होता. हा दोन आठवड्यांत गेला. मोटर १४४० आरपीएमची. आठ तासांच्या शिफ्टमध्ये जवळपास सात लाख फेरे, आणि दर फेऱ्याला पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो.

साहेबांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन एकमेकांवर घासून जुळवून बघितले (हे कधीही करू नका, खुणा पुसल्या जातात) आणि निकाल दिला: "ऑपरेटरने लोड टाकला, नाहीतर मटेरियल क्रिस्टल झालंय." स्टोअरवाल्याने बारचा सप्लायर बदलला!

मी भिंग लावलं. काठाला, बरोबर माझ्या कोपऱ्यावर, बारीक पायऱ्या, म्हणजे अनेक चिरा एकदम सुरू झालेल्या. तिथून आत शिंपल्यावर असतात तशा कमानी, म्हणजे चीर टप्प्याटप्प्याने सरकल्याच्या खुणा. शेवटी एकदम तुटलेला खडबडीत भाग मध्याच्या जरा बाजूला, नखाएवढा. लोड जास्त असता तर चीर एवढी आत जाईपर्यंत शाफ्ट टिकलाच नसता. ऑपरेटर सुटला, पण माझं ऐकतो कोण?

आणि 'क्रिस्टल झालं' हा समज १८४२ च्या फ्रान्समधल्या व्हर्सायच्या रेल्वे अपघाताइतका (तिथे इंजिनाचा आस तुटला होता) जुना आहे. धातू मुळातच स्फटिकांचा असतो, दाणे म्हणजे हेच स्फटिक. १९०३ मध्ये यूइंग आणि हम्फ्री या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एकेका दाण्यात घसरणीच्या रेषा उमटतात, त्या दाट होत जातात आणि त्यातूनच चीर फुटते. सुरुवातीला ती ताणाच्या दिशेशी साधारण ४५ अंशांत जाते. शेजारच्या दाण्याची ठेवण वेगळी, म्हणून सीमेवर अडखळते, कधी तिथेच थांबतेही. काही दाणे ओलांडले की मग ताणाला काटकोनात वळते आणि दाण्यांची फारशी पर्वा करत नाही.

म्हणजे बहुधा दाण्यांमधूनच. गंज, हायड्रोजन किंवा फार तापमान असेल तर सीमेवरूनही जाते, आणि पंप म्हटलं की पाणी आलंच, त्यामुळे तुमचा तुकडा पाहिल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

बेअरिंग टेकत नसेल तर आतून चॅम्फर मारलेली रिंग मध्ये घाला, रेडियसला हात लावू नका. ती रिंग मी तेव्हाही सुचवली होती. अर्ध्या तासाचं काम होतं.