फोटो एडिटिंगसाठी पेन टॅबलेट : आधी साइज बघा, प्रेशर लेव्हल नंतर

प्रश्न : मी हौस म्हणून फोटो काढते आणि रात्री बसून एडिट करते. माउसने मास्क काढताना (म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग ब्रशने वेगळा करताना) मनगट दुखतं आणि केसांच्या, पानांच्या कडा काही केल्या नीट येत नाहीत, म्हणून ग्राफिक्स टॅबलेट (पेनने कर्सर फिरवायची पाटी) घ्यायचा विचार आहे. पण स्क्रीनवाला घेऊ की साधा, छोटा की मोठा, आणि कोणी ४०९६ प्रेशर लेव्हल (पेनचा दाब किती पायऱ्यांत ओळखला जातो ते) म्हणतं कोणी १६३८४, त्यात पार गोंधळ झालाय. लॅपटॉप १५ इंची आहे, कधीकधी २७ इंची मॉनिटर जोडते.

उत्तर : तुमचं काम मास्किंगचं आहे हे वाचून बरं वाटलं, कारण पेनचा खरा उपयोग तिथेच आहे. मास्क, डॉज-बर्न (फोटोचा एखादा भाग उजळ किंवा गडद करणं), चेहऱ्यावरचे डाग काढणं, क्लोन स्टॅम्प (एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणं), थोडक्यात जिथे जिथे हाताने ब्रश फिरवायचा असतो तिथे पेन आणि माउस यांची तुलनाच होत नाही. ज्यांचं एडिटिंग म्हणजे क्रॉप, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि चार स्लायडर, त्यांनी मात्र टॅबलेटवर पैसे घालू नयेत, स्लायडर माउसनेच बरे ओढले जातात.

स्क्रीनवाला तुम्हाला नको. कोऱ्या कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्यांना तो आवडतो ते समजू शकतं, पण फोटोच्या कामात त्याचा त्रासच जास्त. एक तर मान खाली घालून तासन्‌तास बसायचं, स्वतःचाच हात फोटोवर येतो, केबली वाढतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या स्क्रीनचा रंग तुमच्या मॉनिटरशी जुळत नाही, मग दोन्हींचे रंग जुळवत (कॅलिब्रेट करत) बसा आणि तरी स्किन टोन कुठला खरा धरायचा हा प्रश्न राहतोच. साध्या टॅबलेटवर हात खाली आणि नजर समोर, मान सरळ. सुरुवातीला विचित्र वाटतं हे खरं, पण माउस वापरतानाही आपण हाताकडे कुठे बघतो?

आता साइज, कारण लोक इथेच चुकतात. टॅबलेटचा पूर्ण पृष्ठभाग म्हणजे तुमची पूर्ण स्क्रीन असं मॅपिंग असतं, डाव्या वरच्या कोपऱ्यात पेन ठेवलं की कर्सर पण तिथेच. छोट्या टॅबलेटची ॲक्टिव्ह एरिया (पेन चालतं तेवढा भाग) साधारण ६ बाय ४ इंच असते, मीडियमची साडेआठ बाय सव्वापाचच्या आसपास. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन रुंदीला साधारण १३ इंच, म्हणजे छोट्या टॅबलेटवर हात १ सेंटिमीटर हलला की कर्सर २ सेंटिमीटरहून थोडा जास्त जातो, हे चालतं. पण २७ इंची मॉनिटर रुंदीला साडेतेवीस इंच आहे, तिथे तोच १ सेंटिमीटर जवळजवळ ४ होतो आणि हात जरा थरथरला तरी कडेबाहेर जातो. म्हणून फक्त लॅपटॉप असता तर छोटा घ्या म्हटलं असतं, कारण झूम करून काम करताना तो पुरतो आणि बॅगेत पण मावतो, पण तुम्ही मॉनिटर जोडता तर मीडियमच घ्या. लार्ज नको, त्यात अख्खा हात खांद्यापासून फिरवावा लागतो आणि कीबोर्डला टेबलावर जागा उरत नाही. आणि हो, जाहिरातीत कधीकधी टॅबलेटची बाहेरची मापं ठळक दिलेली असतात, तुम्ही ॲक्टिव्ह एरियाच शोधून बघा.

प्रेशर लेव्हलचं एवढं मनावर घेऊ नका. २०४८ असली तरी मास्किंगला भरपूर, ८१९२ आणि १६३८४ मधला फरक फोटो एडिट करणाऱ्या हाताला कळणारच नाही. त्यापेक्षा हे बघा की पेन अगदी हलकं टेकवलं तर रेघ उमटते का, की आधी दाबावं लागतं, कारण डॉज-बर्नमध्ये सगळं काम हलक्या हाताचंच असतं. टिल्ट (पेन किती कललंय ते ओळखणं) नसला तरी तुमचं काही अडणार नाही. पेन मात्र बिनबॅटरीचंच घ्या. टॅबलेटच्या आतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला ऊर्जा मिळते, त्यामुळे ते हलकं असतं आणि चार्जिंगची कटकट नाही. वॅकॉमकडे हे फार आधीपासून आहे, आता ह्युऑन, एक्सपी-पेन वगैरेंकडेही मिळतं, त्यामुळे नावावर अडून बसू नका, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ताजा ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) आहे का तेवढं आधी तपासा.

घेतल्यावर थोडे दिवस माउस बाजूलाच ठेवा, फाइल उघडण्यापासून सगळं पेननेच करा, हाताला सवय त्यानेच लागते. मास्क काढताना प्रेशरने ओपॅसिटी (रंग किती गडद) किंवा फ्लो (रंग किती वेगाने साठतो) बदलू द्या, ब्रशचा साइज मात्र प्रेशरवर ठेवू नका, तो कीबोर्डवरून बदला, कडा खूप स्वच्छ येतात.

प्रश्न : टॅबलेट घेतला पण गोल काढला की अंडं होतं, आणि प्रेशर तर चालतच नाही. पीस खराब आहे का?

उत्तर : परत करायची घाई करू नका, बहुतेक सेटिंगच आहे. तुमची स्क्रीन १६:९ आणि टॅबलेट १६:१० असेल तर चित्र ताणलं जातं, ड्रायव्हरमध्ये प्रमाण स्क्रीनशी जुळवायचा पर्याय असतो तो चालू करा. दोन मॉनिटर असतील तर मॅपिंग एकाच मॉनिटरला द्या, नाहीतर टॅबलेट दोघांत वाटला जातो.

प्रेशरसाठी आधी बघा की दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा जुना ड्रायव्हर पडून तर नाही ना, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत, जुना काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग विंडोज असेल तर ड्रायव्हरमधलं विंडोज इंक (विंडोजची पेनसाठीची सोय) चालू-बंद करून बघा आणि दर वेळी फोटोशॉप बंद करून परत उघडा. मॅकवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंगची परवानगी ड्रायव्हरला द्यावी लागते. गिंप (फोटो एडिट करायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर इनपुट डिव्हाइसेसमध्ये पेनचा मोड स्क्रीन करा, शिवाय ब्रशचं डायनॅमिक्स (दाबाने ब्रशचं काय बदलायचं ते) पण निवडावं लागतं. आणि फोटोशॉपमध्ये ब्रशच्या वरच्या पट्टीतलं प्रेशरचं बटण दाबलंय ना? बरेचदा तेवढंच राहिलेलं असतं.

प्रश्न : मी डावखुरा आहे, वेगळा टॅबलेट मिळतो का?

उत्तर : वेगळा लागतच नाही. टॅबलेट उलटा फिरवून ठेवा आणि ड्रायव्हरमध्ये १८० अंश फिरवा, बटणं आपोआप उजव्या बाजूला येतील.

प्रश्न : ओळखीतून एक जुना टॅबलेट मिळतोय, घेऊ का?

उत्तर : पेन सोबत असेल तर विचार करा, नसेल तर सोडून द्या. कुठलंही पेन कुठल्याही टॅबलेटवर चालत नाही, एकाच कंपनीतसुद्धा मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि जुन्या मॉडेलचं सुटं पेन शोधणं जिकिरीचं असतं. दुसरं म्हणजे जुनी मॉडेल्स नव्या ड्रायव्हरमधून वगळली जातात, तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तुमच्या सिस्टिमचं नाव दिसतंय का ते बघा. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतील तर त्याचं काही वाटून घेऊ नका, वापराने ते येतातच. निब (पेनचं टोक) झिजलेली असेल तर चिमट्याने ओढून नवी बसते, फक्त त्या पेनच्या निब अजून मिळतात का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. आणि शक्य असेल तर स्वतःच्या लॅपटॉपला जोडून चारही कोपऱ्यांपर्यंत एक एक रेघ ओढून बघा, कुठे तुटत असेल तर घेऊ नका.