१९५७ च्या शेवरले बेल एअर गाडीचं १/२५ प्लास्टिक मॉडेल किट पहिल्यांदाच करतोय. रंगाची चमक, क्रोमच्या पट्ट्या आणि थोडं कस्टम कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की विमानांची किटं जोडून झाली आहेत, कार मात्र ही पहिलीच. जोडकामाचा हात इथे उपयोगी पडेल, पण कामाचा क्रम बदलावा लागेल. किटातला सूचनांचा कागद इंजिनापासून सुरू होतो, तुम्ही बॉडीपासून सुरू करा. रंग पक्का वाळायला आठवडा तरी लागतो आणि तेवढ्यात इंजिन, चासी आणि आतली सीटं आरामात होतात. उलट केलं तर बाकी सगळी गाडी तयार आणि बॉडी अजून कच्ची, अशी वेळ येते. मग घाई होते आणि रंगावर बोटांचे ठसे उठतात.

आधी सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल त्यांवर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग बॉडी दिव्याखाली तिरकी धरून साच्याच्या जोडरेघा शोधा. बेल एअरवर त्या मागच्या पंखांच्या (मागच्या मडगार्डवरच्या फिनच्या) कडेने, छताच्या खांबांवर आणि पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर सापडतात. ६०० नंबरच्या पाणकागदाने त्या काढा. जिथे प्लास्टिक आत बसलंय तिथे पुट्टी पातळ थरात भरा आणि रात्रभर वाळू द्या. ओल्या पुट्टीवर घासकाम केलं की ती नंतर आक्रसते आणि रंगाखालून खड्डा पुन्हा दिसू लागतो.

दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी नव्या कटरच्या पात्याच्या पाठीने दोन-तीनदा हलकेच ओढून खोल करा. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून बरेच थर बसतात आणि त्यांत उथळ फट बुजते. बॉनेट, बंपर, ग्रिल आणि काचा रंगाआधी टेपने लावून बसतात का ते बघा. रंगानंतर बॉनेट घासून बसवणं फार जिवावर येतं.

किटाचं प्लास्टिक लाल किंवा पिवळं असेल आणि वर फिका रंग द्यायचा असेल, तर करड्या प्रायमरवर चंदेरी लॅकरचा एक हात मारा. तो मारला नाही तर लाल रंगद्रव्य वर झिरपतं आणि हस्तिदंती छत गुलाबी दिसू लागतं. रंगसंगतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: ५७ च्या बेल एअरवर दुरंगी म्हणजे बहुतेक वेळा छत एका रंगाचं आणि खालची बॉडी दुसऱ्या. बाजूच्या पट्ट्यांमधला मागचा त्रिकोणी भाग रंगवलेला नसतो, तिथे बारीक रेघांचा अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. तो भाग रंगवलेला दिसला तर ती टू-टेन झाली, म्हणजे शेवरलेचं बेल एअरखालचं मॉडेल.

टॅमिया या जपानी कंपनीचे टीएस स्प्रे (डब्यातला लॅकर रंग) सर्वांत सोपे, पण हे डबे ज्वालाग्राही असल्याने हवाई टपालाने येत नाहीत. भारतात मागवताना ही अडचण येतेच. एअरब्रश असेल तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिसळून मिळणारा रंगही चालतो. मात्र त्याचा थिनर तिखट असतो, उघड्या पॉलिस्टायरिनवर (किटाच्या प्लास्टिकवर) पडला की प्लास्टिकला जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून प्रायमर सलग हवा, आणि आधी स्प्रूच्या (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर चाचणी घ्या. मेटॅलिक रंगात कण शक्य तितका बारीक मागा. खऱ्या गाडीचा कण पंचविसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर फारच जाड दिसतो.

डबा मारण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गॅसजवळ कधीही नाही. १५ ते २० सेंमी अंतरावरून दोन हात नुसते धुक्यासारखे, मधे दहा-पंधरा मिनिटं, मग एक-दोन हात ओले. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. लांबून मारलं तर थेंब वाटेतच वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, फार जवळून मारलं तर पंखांच्या कडेला ओघळ येतात. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. दमट हवेत लॅकर वाळताना पाण्याची वाफ पृष्ठभागावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. हे काम करताना खिडकी उघडी आणि तोंडावर सेंद्रिय वाफांचा मास्क हवा, कापडी मास्कने काही होत नाही.

क्लिअर मारून किमान आठवडा गेला की पॉलिश. ३००० नंबरच्या घासकापडापासून पाण्यात घासत ४०००, ६०००, ८००० आणि शेवटी कंपाउंड. पंखांच्या कडा आणि बॉनेटवरचे उभार आधी मास्किंग टेपने झाका, तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर उघडा पडतो.

आता क्रोम. बाजूच्या पट्ट्या आणि काचांच्या चौकटी रंगवू नका, त्यांना बेअर-मेटल फॉइल (धातूचा अतिपातळ चिकट कागद) लावा. पट्टीहून थोडा रुंद तुकडा कापा, चिमट्याने ठेवा, टूथपिकच्या बोथट टोकाने मधून कडेकडे दाबत न्या आणि मग अगदी नव्या पात्याने पट्टीच्या मुळाशी कापा. पातं आडवं धरा आणि जोर लावू नका. पातं बोथट असेल तर फॉइल कापली न जाता फाटते. पंखाच्या टोकाला वळसा येतो तिथे एकच तुकडा ओढून बसवण्यापेक्षा दोन तुकडे करा आणि जोड कोपऱ्यात लपवा. मागच्या रेघांच्या पत्र्याला मात्र चकचकीत फॉइल नको, मॅट अॅल्युमिनियमची लावा. चकचकीत पट्टी आणि तिच्या आत मंद पत्रा, हा फरक दिसला की मॉडेल एकदम खरं वाटतं.

बॉडीवर उठावात असलेल्या अक्षरांसाठी युक्ती अशी. प्रायमरनंतर, रंगाआधी अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा घट्ट दाबून बसवा आणि त्यावरच रंग मारा. रंग वाळला की ४००० च्या कापडाने फक्त अक्षरांचे माथे अलगद घासा. खालची फॉइल उघडी पडते आणि ब्रशने कधीच जमणार नाही इतकी स्वच्छ अक्षरं मिळतात. क्लिअर त्यानंतर. बेल एअरची ग्रिलची जाळी, पुढच्या मडगार्डवरच्या तीन खुणा आणि व्ही-८ चा ‘व्ही’ सोनेरी असतात. चांदीवर पारदर्शक पिवळ्यात थेंबभर पारदर्शक नारिंगी मिसळून लावलं की तो सोनेरी रंग बरोबर येतो.

किटातले क्रोमचे भाग चिकटवताना दोन्हीकडचं क्रोम आणि रंग खरवडून प्लास्टिक उघडं करा. पॉलिस्टायरिनचा सिमेंट, म्हणजे किटाचा गोंद, प्लास्टिक विरघळवून सांधतो, क्रोमवर त्याचा काही उपयोग नाही. स्प्रूपासून तोडल्याची पांढरी खूण लिक्विड क्रोमच्या पेनने बुजवा. जोडरेघ असलेला बंपर पुन्हा करायचा असेल तर तो कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, क्रोमचा थर निघून जातो. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कस्टमसाठी एकच हिशोब पाठ करा: १/२५ मध्ये एक इंच म्हणजे जवळजवळ १ मिमी. खरी बेल एअर २०० इंच लांब, तुमचं मॉडेल सुमारे २० सेंमी. गाडी तीन इंच खाली बसवायची तर मागे अॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये ३ मिमीचा स्टायरिनचा ठोकळा घाला, पुढे चाकाची खुंटी कापून ३ मिमी वर चिकटवा. चाक मडगार्डला घासतं का ते बॉडी नुसती ठेवून तपासा. दारांचे हँडल घासून गुळगुळीत करणं हेही पहिल्या किटात जमतं. छत कापून बुटकं करणं मात्र या गाडीवर नको. पुढची काच बाजूंना वळलेली आहे, छत कापलं की ती नव्याने घडवावी लागते. त्यासाठी एएमटीचं १९४९ मर्क्युरी घ्या, लेड स्लेड, म्हणजे छत कापून बुटक्या केलेल्या जुन्या कस्टम गाड्यांच्या धाटणीची ती मुख्य गाडी.

इंजिनात वायरिंग जरूर करा. खरी प्लगची वायर ७ मिमीची, म्हणजे इथे ०.३ मिमी. २८३ घनइंची व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ असतो. त्याच्या टोपीत पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) आठ भोकं कडेने आणि कॉइलच्या वायरसाठी एक मधे पाडा. टोपी फार लहान वाटली तर मध्ये एक मोठं भोक पाडून सगळ्या वायरी एकत्र खोचा. चालकाच्या (या अमेरिकन गाडीत डाव्या) बाजूचे सिलिंडर पुढून मागे १-३-५-७, दुसरीकडे २-४-६-८. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. वायर आधी डिस्ट्रिब्युटरला लावा, वाळू द्या, मग लांबीला कापून प्लगपाशी न्या. ब्लॉक नारिंगी.

काचांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकटते. पांढरा फेविकॉल टूथपिकने कडेला लावा, सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो. टायर काही किटांत मऊ व्हिनाइलचे असतात. त्यांतला प्लास्टिसायझर महिन्यांनी पॉलिस्टायरिनची रिम वितळवतो, म्हणून रिमवर आतून फॉइलचा पट्टा गुंडाळा. चकचकीत टायरचा माथा ४०० च्या कागदावर फिरवला की रबर खरं दिसतं, पांढऱ्या पट्टीला मात्र कागद लागू देऊ नका.