झाड तोडू का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. महिन्यापूर्वी मोबाईल काढून घेतला, त्या रागात तिने कुंपणाच्या झाडाच्या बिया खाल्ल्या. सासूबाईंनी मिठाचं पाणी पाजलं. चार दिवस दवाखान्यात काढले, आता बरी आहे. ह्यांना कुंपण तोडायचं आहे. शेजारी म्हणतात, 'झाडाचा काय दोष? मरणाऱ्याला शंभर वाटा.' घरात हा विषय कोणी काढत नाही. पोलीस जबाब घेऊन गेले, त्याचीही धास्ती वाटते.
— एक आई, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, झाड तोडा. मुळासकट काढा, पण चुलीत घालू नका. काही झाडांचा धूरही बाधतो. झाडाचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, मी मुद्दाम गाळलं. आमच्या तालुक्यात अशी बातमी नावानिशी छापून आली की आठवड्याभरात वॉर्डात दुसरा पेशंट यायचा.

शेजाऱ्यांचं म्हणणं मी तीस वर्षं ऐकलं. ते खरं असतं, तर श्रीलंकेत काहीच बदललं नसतं. तिथे १९९५ मध्ये अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आली, १९९८ मध्ये एंडोसल्फानवर. २००५ पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शंभर वाटा होत्याच की! पण मरावंसं वाटण्याची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. म्हणून कलमांवर फवारायचं औषध आणि सासूबाईंच्या गोळ्याही कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे.

मिठाचं पाणी पुन्हा कोणालाही पाजू नका. त्याने जीव गेलेले आहेत. उलटी काढायची नाही, १०८ ला फोन करायचा, आणि झाडाची फांदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायची. माणूस चालता-बोलता दिसला तरी न्यायचंच.

पोलिसांची धास्ती सोडा. दवाखान्याला कळवावंच लागतं, म्हणून ते आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की अशा माणसावर तीव्र ताण होता असं धरून चालायचं. खटला नाही, शिक्षा नाही.

आता अवघड भाग. तिला सरळ विचारा, 'अजून मरावंसं वाटतं का गं?' विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरत नाही. उत्तर ऐकून रडू आलं तर येऊ दे, फक्त 'आमचा विचार केला नाहीस' हे वाक्य गिळा. मोबाईल हे निमित्त. आधीचं काहीतरी असतं, ते एका बैठकीत निघत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात, त्यांना एकदा दाखवाच. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिच्यासाठी लावा, तुमच्यासाठीही.

आणि मोबाईल परत द्या. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन एका टोपलीत, तिच्या बाबांचासुद्धा.