सर्च इंजिन नेमकं शोधतं कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पहिलं सर्च इंजिन कोणतं? कुठे 'आर्ची' वाचायला मिळतं, कुठे 'याहू'. (वाचक, सोलापूर)

याहू आधी यादीतून काढा. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ साली स्टॅनफर्डमध्ये सुरू केली ती माणसांनी विषयवार लावलेली सूची होती. आर्ची १९९०चं, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या ॲलन एमटेज यांचं. मात्र ते वेबपानं शोधत नव्हतं. एफटीपी सर्व्हरवरच्या, म्हणजे फायली उतरवून घेण्यासाठी ठेवलेल्या संगणकांवरच्या, फायलींच्या याद्या ते अधूनमधून उतरवून घेई आणि त्यांत नाव शोधून देई. फायलीच्या आत काय आहे, याचा त्याला पत्ता नसे. नाव ठाऊक नसेल तर बसा हात चोळत.

आजचं सर्च इंजिन तीन कामं करतं. दुव्यांवरून पानापानांवर फिरून मजकूर गोळा करतं, त्याचा इंडेक्स म्हणजे शब्दसूची बनवतं आणि आपण विचारलं की त्या सूचीत पाहून उत्तर देतं. आपण 'शोध' दाबतो तेव्हा सगळं इंटरनेट चाळलं जात नाही, ही सूची चाळली जाते. तिन्ही कामं एकत्र आली ती डिसेंबर १९९३मध्ये, स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात, जोनाथन फ्लेचर यांच्या 'जंपस्टेशन'मध्ये. त्यामुळे आमचं मत जंपस्टेशनला. त्याच्या सूचीत फक्त शीर्षकं आणि मथळे होते. पानाचा पूर्ण मजकूर सूचीत घेतला तो १९९४च्या 'वेबक्रॉलर'ने आणि तेच काम फार मोठ्या प्रमाणावर, झपाट्याने करून दाखवलं ते डिसेंबर १९९५च्या 'अल्टाव्हिस्टा'ने.

मग गूगलने वेगळं काय केलं? (वाचक, नाशिक)

पानं सापडत होती, क्रम चुकत होता. शब्द पानावर किती वेळा आणि कुठे आलाय, यावर क्रम लावला की लबाडी सोपी होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहिला की झालं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८च्या आपल्या निबंधात नोंदवलंय की, नोव्हेंबर १९९७मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी एकालाच स्वतःचं नाव टाकल्यावर पहिल्या दहांत स्वतःचं पान दाखवता येत होतं!

त्यांचा उपाय पेजरँक. पानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवर ठरतं आणि दुवा देणाऱ्याचं वजनही त्यात धरलं जातं. समजा एका पानाचं वजन ६ आणि त्यावर तीन दुवे आहेत, तर प्रत्येक दुव्यातून २ पुढे जातं. त्यांनी त्यात ०.८५चा गुणकही घातला. वाचक ८५ टक्के वेळा पानावरच्या दुव्याने पुढे जातो आणि उरलेल्या वेळी भलत्याच पानावर उडी मारतो, असं गृहीत धरलं. हे नसतं तर एकमेकांनाच दुवे देणाऱ्या पानांच्या टोळक्यात सगळं वजन अडकून बसलं असतं. पुढे दुवे विकत मिळू लागले, तसा हाही मार्ग गढूळ झाला. गूगलने २०१२मध्ये आपल्या क्रमवारीत केलेल्या 'पेंग्विन' बदलाचा रोख अशा बनावट दुव्यांवरच होता.

आमच्या संस्थेच्या साइटवरचे जुने मराठी लेख शोधात येत नाहीत. पान उघडल्यावर तर नीट दिसतात. (वाचक, सांगली)

एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, नाही. जुन्या फाँटमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फक्त त्याचं चित्र मराठी असतं. सर्च इंजिन चित्र बघत नाही, साठवलेला संकेत वाचतं.

त्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पण नंतर नजर घाला ती ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. म्हणून 'किर्लोस्कर', 'वार्षिक' असे शब्द आधी तपासा. 'दुसऱ्या'तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण अक्षर-अक्षर जुळवणाऱ्या तुमच्या साइटच्या शोधचौकटीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक प्रकार ठरवा आणि सगळीकडे बदला. स्कॅन केलेल्या पीडीएफवर आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, चालवावं लागेल.

मजकूर युनिकोडमध्येच असेल, तर साइटची रोबोट्स फाइल, म्हणजे सर्च इंजिनाने कुठली पानं उघडू नयेत हे सांगणारी फाइल, उघडा. साइट बनवताना 'डिसअलाऊ'पुढे एकटी तिरकी रेघ टाकून सगळंच बंद ठेवतात आणि ती ओळ काढायची राहून जाते.

एखादं पान शोधात येऊच नये असं वाटत असेल तर? (वाचक, पणजी)

पानाच्या कोडमध्ये 'नोइंडेक्स' ही 'सूचीत घेऊ नका' अशी सूचना लिहा आणि ते रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका. अडवलंत तर क्रॉलर, म्हणजे पानापानांवर फिरणारा सर्च इंजिनाचा प्रोग्रॅम, पान उघडणारच नाही, 'नोइंडेक्स' वाचणारच नाही आणि दुसऱ्या कुणी दुवा दिलेला असेल तर नुसता पत्ता तरीही निकालांत येऊ शकतो. खरंच गोपनीय असेल, तर पासवर्डच हवा.