छोट्या फर्ममध्ये नव्याने रुजू होताना

हक्कांची रिट (हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका) आणि व्यापाऱ्यांची वसुली, दोन्ही पाहणाऱ्या नागपुरातल्या दोन-तीन वकिलांच्या फर्ममध्ये जात असाल, तर आधी तारखांची डायरी हाती घ्या. इतवारीतला व्यापारी न वटलेला चेक घेऊन आला, की पहिला प्रश्न: बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक न वटल्याची चिठ्ठी, कधी मिळाला? तिथून 30 दिवसांत नोटीस. ती पोचल्यापासून 15 दिवस पैसे भरायला, मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटिशीत चेकची रक्कम स्वतंत्र मागा. व्याज, खर्च मिसळून एकच मोठा आकडा लिहिला, तर नोटीस अवैध ठरते आणि खटला तिथेच पडतो.

3 लाख किंवा जास्तीचा व्यावसायिक दावा? तातडीची मनाई मागायची नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ ची मध्यस्थी दाव्याआधी करा.

रिटचं काम जास्त जीव मागतं. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाण्याआधी अपिलाची सोय आहे का ते तपासा. पाडकामाची नोटीस घेऊन कुणी आलं, तर लिफाफाही मागून घ्या. बजावणीची तारीख ठरवायला त्याच्यावरचा शिक्का कामी येतो. आणि वकीलपत्रावर सही घेण्याआधी जुन्या पक्षकारांची यादी चाळा. ज्या कारखान्याचे करार फर्म करते, त्याच्याच कामगाराची बाजू घेता येणार नाही.