आधी त्याचं म्हणणं मांडून दाखवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एका अनोळखी माणसाशी तुम्ही चार रात्री एन्क्रिप्शनवरून, म्हणजे मेसेज कूटबद्ध करून तिसऱ्या कुणाला वाचता येऊ न देण्यावरून, वाद घातलात. त्याचं म्हणणं असं, की मुलांवर अत्याचार करणारे सुटू नयेत म्हणून न्यायालयाचा आदेश असेल तर पोलिसांना कुणाचेही मेसेज वाचता आले पाहिजेत. तुमचं म्हणणं असं, की फक्त पोलिसांपुरतं उघडणारं दार बनवताच येत नाही. तुम्ही लिंका दिल्यात, तज्ज्ञांची मतं दिलीत, आणि शेवटी त्याने लिहिलं, "तुम्ही कोणत्या बाजूचे ते कळलं." आता तुम्ही विचारताय, की राजकारण आणि तंत्रज्ञानावर अनोळखी लोकांशी बोलणंच सोडून द्यावं का.

सोडू नका, असं मला मनापासून वाटतं. मी बरीच वर्षं असे वाद घालत आलेय आणि माझी काही पक्की मतं याच वादांत बदलली. ती बदलवणाऱ्या माणसांचे चेहरेही मी कधी पाहिले नाहीत. पण या चार रात्री जशा गेल्या, तशी पाचवी घालवू नका.

तुमच्या भांडणात दोन वेगळे वाद एकमेकांत गुंतले होते. असं दार सुरक्षितपणे बनवता येईल का, हा एक. राज्यसंस्थेच्या हातात किती अधिकार द्यावा, हा दुसरा. तुम्ही पहिल्याची उत्तरं देत होतात आणि तो दुसरा विचारत होता. त्याला वाटलं तुम्ही तांत्रिक शब्दांच्या आड लपताय, तुम्हाला वाटलं त्याला काही समजूनच घ्यायचं नाही.

ही गुंतागुंत जुनी आहे. 1993 साली अमेरिकी सरकारने क्लिपर नावाची चिप पुढे आणली. फोनवरचं बोलणं कूटबद्ध होणार, पण प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकडे करून सरकारी यंत्रणांकडे जमा राहणार, अशी ती योजना. प्रचंड गदारोळ झाला. मग 1994 मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने एक नेमकी गोष्ट दाखवून दिली. सरकारला त्या संभाषणाच्या किल्लीपर्यंत पोचवणारी माहिती चिप सोबत पाठवायची, पण ती खरी आहे की नाही याची खातरजमा फक्त 16 बिटांच्या चेकसमवर, म्हणजे पडताळणीसाठी जोडलेल्या एका छोट्या आकड्यावर, चालायची. 16 बिट म्हणजे 65,536 शक्यता. एकेक करून बघत गेलं की खोटी माहिती खपवता येत होती. म्हणजे बोलणं कूटबद्ध, आणि सरकारच्या हाती काहीच नाही. काही वर्षांत ती योजना बारगळली. पण "गंभीर गुन्ह्याच्या तपासात आदेश असताना बोलणं ऐकता यावं का" हा प्रश्न ब्लेझच्या शोधाने सुटला नाही, सुटणारही नव्हता. चेकसम मोजता येतो. माणसाला कुणाची भीती जास्त वाटते, गुन्हेगाराची की सरकारची, ते कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही.

म्हणून वादात उतरण्याआधी स्वतःला विचारा, यातला कोणता तुकडा तपासून बघता येईल आणि कोणता मूल्यांचा आहे. आणि ते समोरच्यालाही सांगा: "यातल्या तांत्रिक भागावर मी बोलतोय, अधिकाराच्या भागावर माझं मत वेगळं मांडतो." एवढ्या एका वाक्याने निम्मा संताप टळतो.

आता मुख्य मुद्दा. वितंडवाद हा शब्द आपण कुठल्याही वायफळ भांडणाला लावतो, पण त्याचा मूळ अर्थ फार नेमका आहे. न्यायसूत्रं या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे. जल्प, म्हणजे जिंकायचं आहे आणि त्यासाठी शब्दांचा अर्थ मुद्दाम पिरगाळणंही चालतं. आणि वितंडा, म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची पाडायची. तुमच्यासमोर तिन्हींपैकी काय चाललंय हे ओळखायला मी एकच प्रश्न वापरते: "मग तुमच्या मते काय करायला हवं?" वितंडा करणारा त्याचं सरळ उत्तर देत नाही, पुन्हा तुमच्याच वाक्यातली चूक काढतो. दोनदा विचारून उत्तर आलं नाही, तर मी तिथून उठते. जल्प करणाऱ्याशी मात्र मी थांबते, कारण जिंकायला आलेल्या माणसाकडेही पुष्कळदा खरी माहिती असते.

त्याच सूत्रांत वादातला पराभव कशाकशाने होतो याची 22 कारणं दिली आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली दोन तर आजच्या ऑनलाइन चर्चांच्या धाग्यांवर बसून लिहिल्यासारखी वाटतात. एक मतानुज्ञा. आपल्या बाजूवर दोष दाखवला गेला की तो दूर करायचा नाही, "तोच दोष तुमच्यातही आहे" एवढंच म्हणायचं. "आणि तुमच्यावाल्यांनी केलं तेव्हा?" हे ते उत्तर. सूत्रकारांनी ते पराभवात धरलं, कारण असं बोलणाऱ्याने आपला दोष मान्य केलेला असतो. हे कळल्यापासून मी त्या वाक्यावर चिडत नाही. "म्हणजे हा दोष आहे यावर आपलं एकमत झालं, आता तो दोन्हीकडे कसा दूर करायचा ते बोलू," असं लिहिते. यातून कधीकधी खरंच चर्चा सुरू होते.

दुसरं अननुभाषण. समोरच्याने एखादं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, आणि तरी तुम्हाला ते स्वतःच्या तोंडाने परत मांडता आलं नाही, तर तुम्ही हरलात. मत चुकीचं असणं लांबच, नुसतं दुसऱ्याचं म्हणणं उच्चारता न येणं हाच पराभव! याच्याइतका उपयोगी नियम मला दुसरा सापडलेला नाही, आणि तो मला महागात पडून कळला.

एकदा माझा वाद सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या मूळ मजकुरातून बनतं तो, सगळ्यांसाठी खुला करावा की नाही यावर झाला. मी खुलेपणाच्या बाजूने. समोरचा आयडी सारखा लिहायचा, "खुला केलात की धोका वाढतो." मी दोन आठवडे त्याला समजावत होते, की गुप्ततेवर टिकलेली सुरक्षा ही सुरक्षाच नाही, हल्लेखोर बंद कोडमधूनही वाट काढतात. प्रतिसाद मोठे होत गेले, माझी भाषा बोचरी होत गेली. एके दिवशी थकून मी लिहिलं, "तुमचं म्हणणं असंच ना, की चोराला घराचा नकाशा मिळेल?" त्याने उत्तर दिलं, "नाही. माझं म्हणणं असं, की भोक सापडल्यावर ते बुजवायला माणूस लागतो, आणि तो माणूस नेमलेला नसतो." तो अशाच एका यंत्रणेची देखभाल करायचा. कुणीतरी त्रुटी कळवली होती, ती सगळ्यांना दिसत होती, आणि दुरुस्त करणारं कुणी नसल्यामुळे कित्येक महिने तशीच उघडी पडली होती. मी दोन आठवडे अशा मताशी लढत होते जे त्याचं नव्हतंच. आणि त्याचं खरं म्हणणं वजनदार होतं. हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीचं उदाहरण घ्या. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ती चूक 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत आली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये जगासमोर आली. कोड सगळ्यांसाठी खुला होता, पण जगभरचे सर्व्हर ज्यावर विसंबून होते ते सॉफ्टवेअर मोजकी माणसं सांभाळत होती. आजही मी खुलेपणाच्याच बाजूने आहे, पण आता त्यासोबत देखभालीची माणसं आणि पैसा मागते. ती पुरवणी त्या माणसाने दिलेली आहे. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले, पण तोवर मी त्याला जे बोलले होते ते परत घेता आलं नाही.

तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं दोन-तीन वाक्यांत मांडते, आणि त्याने "हो, असंच" म्हणेपर्यंत थांबते. मांडताना त्याच्या सगळ्यात कच्च्या वाक्याला धरायचं नाही, सगळ्यात पक्क्या वाक्याला धरायचं. हे सौजन्यापोटी करायचं नाही. तसं केलं नाही तर आपण हवेत तलवार फिरवत राहतो.

यानंतर "का" ऐवजी "कसं" विचारा. 2013 मध्ये फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजकीय धोरणांवर असा प्रयोग केला होता. तुम्हाला हे धोरण का पटतं, असं विचारलं की माणसं कारणांची यादी देतात आणि जागची हलत नाहीत. पण ते धोरण टप्प्याटप्प्याने कसं काम करेल ते सांगा, असं म्हटलं, की आपल्याला वाटत होतं तेवढं समजत नाही हे त्यांचं त्यांनाच जाणवतं. मतं सौम्य होतातच असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही, समजुतीबद्दलची खात्री मात्र कमी होते. माझा अनुभवही असाच आहे. तुमच्या त्या माणसाला विचारा, आदेश निघाल्यापासून मेसेज वाचेपर्यंत काय काय घडेल? किल्ली कुठे असेल? ती सांभाळणाऱ्याने विकली तर कसं कळेल? आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा: कुठलंच दार नसेल तर तपास कसा होईल? तुमच्याकडेही उत्तर अर्धवट निघालं, तर तसं लिहून टाका.

"लोकांना पुरावे देऊन उपयोग नाही, उलट ते आणखी हट्टाला पेटतात" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. एका काळी संशोधनातही असा सूर होता. पण थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी 10,000 हून अधिक लोकांवर, 52 विषय घेऊन हे तपासलं. 2019 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात हा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. माणसं बहुतेक वेळा दुरुस्त केलेली माहिती स्वीकारतात. फक्त माहिती स्वीकारली म्हणून बाजू बदलत नाहीत. तेव्हा एखादा आकडा दुरुस्त झाला आणि माणूस आपल्या पक्षातच राहिला, तर तुमचा प्रतिसाद वाया गेला असं समजू नका. आकडा दुरुस्त झाला, एवढंच तुमच्या हातात होतं.

उपरोध मात्र पूर्ण टाळा. लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर ऐकू येत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. तुमच्या तिसऱ्या रात्रीच्या प्रतिसादातलं "वा, काय अभ्यास आहे!" त्याने आधी खरं समजून आभार मानले होते, आणि मग त्याला कळलं. तिथून सगळं बिघडलं.

थांबायचं कधी, हेही विचारलंय. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर मतपरिवर्तनासाठीच चालणाऱ्या एका समूहाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. थोडी देवाणघेवाण उपयोगी पडते, पण एकाच माणसाशी चार-पाच फेऱ्या झाल्या की मत बदलण्याची शक्यता जवळपास संपते, असं त्यात दिसलं. मी तीन फेऱ्यांवर थांबते. थांबताना "तुम्ही समजून घेणार नाही" असा टोला मारत नाही. कुठे एकमत झालं आणि कुठे नाही, तेवढं लिहून बाहेर पडते. चर्चा नुसती वाचणाऱ्या लोकांना त्या दोन ओळींचा फार उपयोग होतो.

धमकी, घरच्यांचा उल्लेख, खासगी माहिती उघड करणं, यातलं काही आलं तर मात्र फेऱ्या मोजू नका. स्क्रीनशॉट घ्या, तक्रार करा, आयडी ब्लॉक करा. ऑनलाइन आल्यावर चांगली माणसं बिघडतात असं आपण समजतो, पण अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांच्या 2022 च्या अभ्यासात वेगळं दिसलं: ऑनलाइन आक्रमक असणारी माणसं प्रत्यक्षातही तशीच वागतात, फक्त इथे ती सगळ्यांना दिसतात. अशा माणसाला सुधारणं तुमचं काम नाही.

पण तुमचा तो माणूस तसा वाटत नाही. त्याचे प्रतिसाद मी वाचले. तो चिडलाय, शिवराळ झालेला नाही. आणि चिडलेल्या माणसाशी संबंध तोडून टाकायची घाई करू नये. 29 जानेवारी 1992 ला संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी लिनक्स ही तेव्हा नवी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) कालबाह्य आहे असं जाहीरपणे लिहिलं. तू माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असंही ती लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सना सुनावलं. टोरवाल्ड्सनीही कडक उत्तर दिलं, आणि नंतर आपल्या भाषेबद्दल माफी मागितली. कर्नलची, म्हणजे अशा प्रणालीच्या गाभ्याची, रचना कशी असावी यावर त्या दोघांचं कधीच जमलं नाही. पुढे 2004 मध्ये टोरवाल्ड्सनी लिनक्स एकट्याने लिहिणं शक्यच नाही, ते टॅननबॉम यांच्या मिनिक्स या प्रणालीवरून उचललं असणार, असा आरोप झाला. तेव्हा तो खोडून काढायला स्वतः टॅननबॉम उभे राहिले.

तेव्हा आज त्याला एवढंच लिहा: "मी तांत्रिक भागावरच बोलत राहिलो आणि तुमचा प्रश्न वेगळा होता. मला तो असा समजला: मुलांवर अत्याचार करणारे लोक सुरक्षित मेसेजिंगच्या आड सुटतात, आणि त्यावर उपाय नाही असं म्हणणं तुम्हाला बेजबाबदार वाटतं. बरोबर समजलं का? आणि त्या उपरोधाबद्दल माफ करा." लिंक देऊ नका, पुरावा जोडू नका. पाठवा आणि झोपा. त्याचं उत्तर आलं तर इथेच कळवा, पुढचं आपण मिळून बघू.